लॉट नंबर चार

सरकारी माणूस निवृत्त झाला, की त्याच्या बायकोची नोकरी सुरू होते. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या कौमुदीताई पांढरीपांडे यांची नोकरी सुरू झाली त्या सकाळी फाटकाशी एक टेम्पो थांबला आणि त्यातून त्यांचे यजमान श्यामकांतराव उतरले. ड्रायव्हरशेजारून नव्हे, तर मागून, सामानातून. अंगावर ऑफिसचा सफारी, केसांत कोळिष्टक आणि हातात एका खुर्चीचा सुटलेला हात. एखादा सरदार लढाईवरून शत्रूची तलवार घेऊन यावा, तसा तो हात त्यांनी धरला होता.

"हे काय आहे?" कौमुदीताईंनी विचारलं.

"लॉट नंबर चार."

"मी काय आहे विचारलं, कितवा आहे नाही विचारलं."

"लिलाव होता ऑफिसचा. मले फक्त साहेबांची खुर्ची पाहिजे होती. पण लॉट पूर्ण उचलावा लागते. नियम आहे."

नियम म्हटल्यावर श्यामकांतरावांच्या दृष्टीने विषय संपला होता. टेम्पोवाल्याने एकेक नग उतरवायला सुरुवात केली. फिरायचं विसरलेली एक फिरती खुर्ची. वेताच्या बैठकीच्या चार खुर्च्या, त्यांतल्या एकीवर थोडा वेत शिल्लक होता, बाकीच्या तिघींतून सरळ जमीन दिसत होती. जेवणाची पंगत बसेल एवढं टेबल, ज्याच्या ड्रॉवरमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या असाव्यात. फाईली ठेवायचा रॅक. आणि शेवटी सहा फुटांचं एक बाक, जे साहेबांच्या खोलीबाहेर असायचं आणि ज्यावर अर्ज घेऊन आलेले लोक दिवसभर बसायचे. सगळं बैठकीच्या खोलीत गेलं. कारण अंगणात ठेवलं तर दव पडेल, असं श्यामकांतराव म्हणाले. बारा वर्षं गळक्या गोदामाशेजारी काढलेल्या फर्निचरला दवाची भीती घालणारा हा पहिलाच माणूस.

श्यामकांतरावांना ओळखायचं तर त्यांचं एकतीस वर्षांचं काम माहीत हवं. ते एका संचालनालयात सामानाचं रजिस्टर सांभाळत. कुठली खुर्ची कुठल्या खोलीत आहे, कुठलं कपाट केव्हा आलं, कुठल्या पंख्याचं पातं केव्हा गेलं, हे सगळं त्यांच्या रजिस्टरमध्ये होतं आणि रजिस्टरच्या बाहेर जग आहे, असं त्यांना फारसं वाटत नसे. नवं राज्य झालं तेव्हा वाटणीत आलेलं फर्निचर भोपाळहून ट्रकमध्ये बसून त्यांनीच आणलं. प्रत्येक नगावर पांढऱ्या रंगाने नंबर त्यांनीच घातले. पुढे नव्या राजधानीत नवी इमारत उभी राहिली, सगळं ऑफिस तिकडे गेलं आणि वरून आदेश आला, की नव्या इमारतीत जुनं लाकूड आणायचं नाही. एक समिती बसली आणि तिने सगळं फर्निचर बाद ठरवलं. योगायोग असा, की श्यामकांतरावांचं वय त्याच महिन्यात पूर्ण झालं. दोघं एकदमच बाद झाले. फरक इतकाच, की फर्निचरला निरोप-समारंभ मिळाला नाही आणि श्यामकांतरावांवर कोणी बोली लावली नाही.

आता या माणसाने जुनं फर्निचर नव्यासारखं करायचं ठरवावं, यात वाईट काही नाही. निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, शेजाऱ्यांच्या मुलींची लग्नं जमवतात, होमिओपॅथीच्या पेट्या आणतात. त्या मानाने सुतारकी निरुपद्रवी. पण श्यामकांतरावांनी आयुष्यात लाकडाला हात लावला होता तो फक्त नंबर घालायला. घरात खिळा ठोकायची वेळ आली, की ते आधी भिंतीकडे बघत, मग कॅलेंडरकडे, मग कौमुदीताईंकडे, आणि खिळा कौमुदीताई ठोकत. हिंदी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत 'पुराने फर्नीचर को दें नया जीवन' असा अर्ध्या पानाचा मजकूर आला होता, तेवढंच त्यांचं शिक्षण. त्या पानाचा खालचा कोपरा भज्यांचं तेल टिपण्यात गेला होता. त्यामुळे जीवन द्यायला सुरुवात कशी करायची ते त्यांना माहीत होतं, शेवट माहीत नव्हता.

हेही चाललं असतं. पण बैठकीच्या खोलीत दर रविवारी कौमुदीताईंचा मराठीचा वर्ग भरत असे. चौदा वर्षं भरत होता. रेल्वेतली, बँकेतली, सरकारी ऑफिसांतली विदर्भातून आलेली मराठी घरं. पोरांना मराठी कळायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. आजी नागपूरहून फोनवर बोलायला लागली, की पोट्टी फोन आईकडे द्यायची. अशी अकरा पोरं सतरंजीवर बसत. कॉलोनीभर कौमुदीताई म्हणजे 'पांढरीपांडे बाबू की मिसेस' होत्या. या अकरा तोंडांतच काय त्या 'बाई' होत्या, आणि तेवढ्यासाठी त्या आठवडाभर तयारी करत.

लॉट नंबर चार आल्यावर पहिल्या रविवारी वर्ग व्हरांड्यात भरला, दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघरात. तिथे कुकरची शिटी झाली, की कविता थांबायची. तिसऱ्या रविवारी चार पोरं टेबलाखाली बसली आणि तिथे त्यांनी आपलं वेगळं राज्य स्थापन केलं.

"अहो, कधी होईल हे?" कौमुदीताईंनी विचारलं.

"प्रक्रिया सुरू आहे."

प्रक्रिया सुरू होती हे खरं. श्यामकांतरावांनी फाईल उघडली होती. पुठ्ठा, लाल नाडी, हिरवट कागद, डावीकडे समास. 'विषय : बेंच (लकड़ी) के जीर्णोद्धार बाबत.' खाली बाकाची लांबी, रुंदी, उंची, सद्यःस्थिती आणि शेवटी 'अनुमोदनार्थ प्रस्तुत.' लाकडावर रेगमालाचा खरखरीत कागद घासण्याआधी कुणाची तरी मंजुरी हवीच. ऑफिसात संचालक होते. घरात कोण, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि फाईल घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

कौमुदीताई कणीक तिंबत होत्या. समोर फाईल आली. गेली तीस वर्षं त्यांनी जेवताना एकच गाऱ्हाणं ऐकलं होतं, की साहेब लोक काही वाचत नाहीत, नुसतं 'चर्चा करें' लिहून फाईल परत पाठवतात. थट्टा सुचली. पिठाच्या बोटांनी पेन धरून त्यांनी समासात लिहिलं, 'चर्चा करें', आणि खाली सही ठोकली.

श्यामकांतरावांनी सही पाहिली, मान लववली, नाडी बांधली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून काम बंद. रेगमाल तसाच गुंडाळलेला, पटाशी तशीच कागदात. श्यामकांतराव सकाळी पेपर वाचत, दुपारी झोपत, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत. कौमुदीताईंना वाटलं, ताप उतरला. आता चार दिवसांनी भंगारवाला बोलावू. असे अठरा दिवस गेले, आणि अठराव्या दिवशी दीपमाला आली.

दीपमाला म्हणजे वर्गातल्या राधिकाची आई. बोलायला गोड, पण बोलायचं ते बोलूनच जाणारी. तिच्या हातात राधिकाचा फ्रॉक होता आणि फ्रॉकला खिळ्याने फाटलेला कोपरा.

"काकू, फ्रॉकचं काही नाही, शिवून घेईन मी. पर एक गोष्ट सांगू? नाराज नका होऊ."

"सांग."

"त्या दवाखान्याच्या वर अबॅकसची क्लास खुलली ना, ते लोक मराठीची बॅच पण सुरू करून राहिले. बेंच आहेत, पंखा आहे. आम्ही सहा जणींनी सोचलं, का तिथंच पाठवावं. इथं बच्चे टेबलाच्या नीचे बसतात. पुढच्या रविवारपर्यंत खोली झाली तर ठीक, नाही तर…"

अकरातून सहा गेले की पाच. पाच पोरांचा वर्ग म्हणजे वर्ग नव्हे, पाहुणचार. आणि पुढच्या वर्षी तेही नाही. दीपमाला गेल्यावर कौमुदीताई बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी यजमानांना हाक मारली. ती हाक बहुधा अग्रसेन चौकापर्यंत गेली असावी.

"काहून बंद आहे काम? अठरा दिवस झाले."

श्यामकांतराव शांत होते. "चर्चेले बोलावलंच नाही तू."

"काय?"

"तूच लिहिलं ना, चर्चा करें. मी वाट पाहून राहिलो."

"अहो, मी घरातच आहे. दिवसातून दोनदा तुमच्या समोर बसून जेवते."

"जेवताना चर्चा होत नाही," श्यामकांतराव म्हणाले. "बोलवावं लागते."

कौमुदीताई खाली बसल्या. बसायला तिथे एवढं फर्निचर होतं, पण एकही नग भरवशाचा नव्हता, म्हणून जमिनीवर बसल्या. या माणसाशी आपण तेहेतीस वर्षं संसार केला. रागावलो, रुसलो, अबोला धरला, माहेरी वर्ध्याला जाऊन आलो, आणि कशाचा काही उपयोग झाला नाही. कसा होणार? यातलं काहीच लेखी नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. "आणा ती फाईल."

या वेळी त्यांनी हात धुऊन, चष्मा लावून लिहिलं. 'चर्चा हुई. बेंच छोड़कर शेष समस्त सामग्री तीन दिवस में कक्ष से हटाई जावे. बेंच का कार्य रविवार के पूर्व पूर्ण हो. विलंब हेतु श्री पांढरीपांडे स्वयं उत्तरदायी होंगे.' तारीख, सही.

श्यामकांतरावांनी ते वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. एकतीस वर्षांत इतका स्पष्ट आदेश त्यांना कुठल्या साहेबाने दिला नव्हता. चप्पल घालून ते लगेच बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बीरगांवहून तुळशीराम मिस्त्री हजर झाला.

तुळशीराम मूळचा गोंदियाकडचा. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वीस वर्षं यंत्रांसाठी लाकडी खोकी करत होता, आता घरीच दुरुस्तीचं काम करायचा. त्याने खोलीत एक चक्कर मारली. साहेबांच्या खुर्चीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली.

"बाबूजी, यात वाळवी आहे. साहेब उठले आन ते बसले."

"संचालकांची खुर्ची आहे ती," श्यामकांतराव म्हणाले.

"वाळवीले काय माहीत. हातापायाचं लाकूड कामाचं आहे, बाकी चुलीत." मग तो बाकाकडे वळला, खाली वाकला, बुडाला नख लावून पाहिलं आणि पहिल्यांदाच आदराने बोलला. "हे सरई आहे, सालाचं लाकूड. सागवानाहून कडक. अजून शंभर वर्षं काही होत नाही याले. द्या मले, दोन दिवसांत चकाचक करून देतो."

"हे मी करणार आहे."

तुळशीरामने श्यामकांतरावांचे हात पाहिले. मऊ, शाईचे, तर्जनीवर पेनाचा घट्टा. "तुम्ही?"

"आदेश आहे," श्यामकांतराव म्हणाले.

तुळशीरामने कौमुदीताईंकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. तुळशीरामने बाकीचं सामान दुरुस्तीसाठी आपल्याकडे न्यायला टेम्पोत चढवलं आणि जाताना एवढंच सांगितलं, की बाबूजी, सरईत खिळा ठोकू नका, खिळा वाकते आणि मग माणूस वाकते.

श्यामकांतरावांनी खिळा ठोकला नाही. त्यांनी पद्धतशीर काम केलं, आणि जगात बहुतेक सत्यानाश पद्धतशीरपणेच होतात. आधी त्यांनी बाक पूर्ण सुटं केलं. चार पाय, आडव्या दांड्या, बैठकीच्या फळ्या, पाठीच्या पट्ट्या, मिळून बावीस तुकडे. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर. फाईलमध्ये बाकाचं चित्र, चित्रात तेच नंबर. पाय क्रमांक एक, पुढचा डावा. पाय क्रमांक दोन, पुढचा उजवा. असं काम पाहून कुठल्याही ऑडिटरच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मग त्यांनी रेगमाल घेतला आणि व्हरांड्यात बसून घासायला सुरुवात केली.

काय घासलं त्यांनी. दोन दिवस घासलं. जुना काळपट मेणचट थर गेला आणि आतून सरईचा तांबूस रंग वर आला. श्यामकांतराव इतके खूश झाले, की गुणगुणायला लागले. कौमुदीताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते शेवटच्या पायापर्यंत पोचले होते.

"छान झालं," कौमुदीताई म्हणाल्या. लग्नानंतर हा शब्द त्यांनी फार उधळला नव्हता. मग त्या जरा थबकल्या. "अहो, ते नंबर?"

"फाईलवर आहेत ना."

"फाईलवर आहेत. लाकडावर?"

रेगमाल थांबला. श्यामकांतरावांनी हातातला पाय उलटा केला, सुलटा केला. बाकीच्या तीन पायांकडे पाहिलं. चौघेही गोरेगोमटे, जुळ्या भावांसारखे, आणि कपाळावर कुणाच्याच काही लिहिलेलं नाही. खडूची सगळी पांढरी भुकटी त्यांच्या सफारीवर होती.

"रजिस्टर बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

रजिस्टर बरोबर होतंच. ते नेहमीच बरोबर असे. नग सापडत नसत.

जोडणी शुक्रवारी झाली, अंदाजाने. चारही पाय वरवर सारखे दिसत असले, तरी जुन्या सुताराने प्रत्येक पायाची कूस, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, त्याच्याच खाचेसाठी तासली होती. आणि मागच्या बाजूची जमीन बहुधा उतरती असल्याने मागचे दोन पाय मुळात बोटभर लांब ठेवले होते. त्यांतला एक आता पुढे आला. जिथे कूस सैल झाली तिथे गोंद भरला, जिथे घट्ट झाली तिथे श्यामकांतरावांनी खलबत्त्यातल्या बत्त्याने मनधरणी केली. मग सुतळीने आवळून, वर चपड्याचं पॉलिश देऊन, शनिवारी संध्याकाळी त्यांनी बाक रिकाम्या खोलीत ठेवलं. दिसायला ते फार देखणं दिसत होतं. एखाद्या नवरदेवासारखं, जोवर तो चालत नाही तोवर.

रविवारी दहाला पोरं आली. अकराच्या अकरा. आणि राधिकाबरोबर दीपमाला आली, जी एरवी फाटकातूनच परत जायची. आज ती दारात उभी राहिली, पर्स खांद्यावर, नजर खोलीभर.

खोली रिकामी, झाडलेली, सतरंजी पसरलेली. दीपमालाच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं होतं, तेवढ्यात सात पोरं बाकावर चढली. उरलेल्या चौघांना जागा न मिळाल्याने सतरंजीवर बसावं लागलं, आणि त्यांनी तोंडं फुगवली. कौमुदीताईंनी फळ्याकडे वळून खडू टेकवला.

खट.

त्या वळल्या. सगळे गुपचूप. पुन्हा फळ्याकडे.

खट. खट.

बाक एका कोपऱ्यावर उठत होतं आणि दुसऱ्यावर आपटत होतं. हे शास्त्र कळायला पोरांना अर्धं मिनिट लागलं. मग अश्विन नावाच्या एका जाड्या पोराने डावीकडे झोक दिला, राधिकाने उजवीकडे, आणि रायपूरला नवी राजधानी झाल्यापासून इतकी मजा या पोरांनी कुठे पाहिली नव्हती. खटखटाट सुरू झाला. "बाई, ये तो झूला है," अश्विन म्हणाला.

दीपमालाने घड्याळ पाहिलं. दवाखान्यावरची बॅच साडेदहाला असायची, हे कौमुदीताईंना माहीत होतं.

त्या यजमानांजवळ आल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "पायाखाली पुठ्ठा घाला काहीतरी."

"पुठ्ठा तात्पुरती व्यवस्था होते," श्यामकांतराव कुजबुजले. "आणि तात्पुरती व्यवस्था एकदा झाली का कायम होते. मी पाहून आहो एकतीस वर्षं."

"अहो, ती राधिकाला घेऊन चालली."

श्यामकांतरावांनी दाराकडे पाहिलं. दीपमालाने खरंच हात पुढे केला होता, "बेटा, चल," म्हणून. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने हातातला खडू मोडला होता, आणि चौदा वर्षांत तिने खडू वाया घालवलेला त्यांनी पाहिला नव्हता. ते बाकापाशी गेले, अश्विनला थोडं सरकायला सांगितलं आणि जो कोपरा उठत होता त्यावर आपलं ब्याऐंशी किलोंचं सरकारी वजन ठेवून बसले.

खटखट थांबली. बाक भिंतीसारखं स्थिर झालं.

"हं," कौमुदीताई म्हणाल्या. "काल काय काय केलं, एकेकाने सांगायचं. मराठीत. अश्विन."

"मैं कल…"

"मराठीत."

"मी काल किरकेट खेललो."

"खेळलो. राधिका."

राधिका आईच्या हाताकडे न जाता जागेवरच उभी राहिली आणि मावशीच्या घरच्या मांजरीबद्दल सांगितलं. असं करत करत रांग कोपऱ्यापर्यंत आली. कौमुदीताई पुढे जाणार होत्या, पण अश्विनने बोट दाखवलं. "बाई, अंकल राहिले."

श्यामकांतराव उठू शकत नव्हते, उठले तर बाक उठलं असतं. बसल्या बसल्याच त्यांनी सफारी सारखा केला.

"काल माझ्या द्वारे," ते म्हणाले, "बेंचचे कार्य संपन्न करण्यात आले."

अकरा पोरं हसली. सतरंजीवरची चौघं फुगलेलं तोंड विसरून लोळली. "बाई, ये मराठी नहीं है," राधिका म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना नीट वाक्य शिकवलं. मी काल बाक केलं. तीनदा म्हणवून घेतलं. दारात दीपमालाने पदर तोंडाला लावला होता. थोड्या वेळाने तिने पर्स खांद्यावर सरकवली आणि राधिकाला न घेताच ती गेली.

सोमवारी तुळशीराम चार खुर्च्यांना वेत किती लागेल ते सांगायला आला. बाक पाहून त्याने आधी कपाळाला हात लावला, मग खाली बसून पाय तपासले.

"ताई, काही नाही, दोन पाय बोटभर कापले का झालं. चहा उकळेपर्यंत करून देतो." त्याने पिशवीतून करवत काढली.

श्यामकांतराव व्हरांड्यात पुढल्या रविवारची कविता पाठ करत होते. मोठ्याने, दोनदा चुकून, पुन्हा पहिल्यापासून. कौमुदीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग करवतीकडे.

"राहू द्या, तुळशीराम."

"अहो, पण हलते ना ते."

"हलू द्या. सरळ झालं का हे उठतील," कौमुदीताई म्हणाल्या. "आन उठले का काहीतरी दुरुस्त करतील."